देहोष्म्याचा शोध : लेखांक सातवा – कंठावरील ऊष्माचित्र

मागील लेखांकात आपण पाहिले की, १८०० साली विल्यम हर्शेल यांनी वर्णपटाच्या तांबड्या कडेपलीकडे, जेथे डोळ्यांस काहीच दिसत नाही तेथे तापमापक ठेवला आणि पारा चढू लागला. माणसाची कातडी, मग ती गोरी असो वा काळी, याच अवरक्त किरणांच्या रूपाने आपली उष्णता अहोरात्र बाहेर टाकीत असते. सुमारे ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीचे हे किरण टिपून ऊष्माचित्रक त्वचेच्या तापमानाचा नकाशा काढतो. तोच नकाशा गळ्याचा काढला असता अवटू ग्रंथीच्या, म्हणजे लोकव्यवहारातील थायरॉईडच्या, स्वप्रतिरक्षाविकारांविषयी काय उमगते, हा आजचा विषय.

ज्या प्रतिपिंडांनी परक्या जंतूंचा समाचार घ्यावयाचा, ती स्वकीय ग्रंथीवरच उलटतात, हे या विकारांचे मूळ. हाकारू हाशिमोतो या जपानी शल्यविशारदाने १९१२ साली चार स्त्रियांच्या ग्रंथींत लसीका पेशींची विलक्षण दाटी वर्णिली खरी. परंतु रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच ग्रंथीविरुद्ध प्रतिपिंडे असतात, हे लंडनमध्ये रॉइट, डोनियाक आदी संशोधकांनी दाखवून दिले ते १९५६ मध्ये.

या विकाराची दोन रूपे परस्परविरोधी आहेत. ग्रेव्हजच्या विकारात प्रतिपिंडे ग्रंथीस अविरत चेतवीत राहतात, तिच्यातील रक्तप्रवाह कैक पटींनी वाढतो आणि वरची त्वचा उबदार होऊ शकते. उलट हाशिमोतोच्या विकारात ग्रंथी वर्षानुवर्षे झिजत तंतुमय होते, तेव्हा चित्रात ठळक असे काही उमटेलच याची शाश्वती नाही. शिवाय ग्रंथीवर चरबी व स्नायूंचे थर असतात, दोन्ही बाजूंस मोठ्या रक्तवाहिन्या स्वतःची ऊब दाखवीत असतात, आणि संप्रेरक वाढलेल्या रोग्याची सर्वच कातडी उष्ण व ओलसर असते. म्हणून नुसता आकडा निरुपयोगी, ग्रंथीवरची त्वचा आणि भोवतालची त्वचा यांतील फरकच मोजावा लागतो.

तो फरक बहुधा अंशाच्या काही दशांशांचा. त्यासाठी खोली सुमारे १८ ते २५ अंशांवर स्थिर हवी, वाऱ्याचा झोत नको, आणि रोग्याने गळा उघडा ठेवून पाव तास तरी स्वस्थ बसावयास हवे. आमच्या बीदर जिल्ह्यातील हुमनाबाद तालुक्यात वैशाखात पारा चाळिशी गाठतो. अशा वेळी पत्र्याच्या खोलीत घामेजलेल्या गळ्याचे चित्र घेतल्यास सगळी कातडीच रक्ताने फुललेली दिसेल आणि ग्रंथीची हकीकत त्यात बुडून जाईल. गावोगाव शिबिरे भरवून ऊष्माचित्रांवर निदान करावे, अशी उत्साही सूचना कोणी केली, तर ती मला तूर्त मान्य होणार नाही. निकाल द्यावयाचा तो रक्तातील टीएसएच (अवटूस चेतविणारे संप्रेरक), अवटूची संप्रेरके व प्रतिपिंडे यांच्या तपासणीने. स्तनपरीक्षेतही ऊष्माचित्रण मॅमोग्राफीच्या जागी वापरू नये, अशी ताकीद अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दिलेली आहेच.

डोळ्यांची गोष्ट मात्र वेगळी. ग्रेव्हजच्या काही रोग्यांत डोळ्यांमागील ऊती सुजून बुबुळे पुढे येतात. दाह अद्याप पेटलेला आहे की विझून केवळ व्रण उरला आहे, यावर स्टिरॉईडचा उपयोग होईल की नाही हे पुष्कळसे अवलंबून असते. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याचे व शुभ्र भागाचे तापमान मोजून हा दाह ओळखता येतो काय, याचा अभ्यास झालेला आहे; तेथे दाहाची ऊब स्नायूंच्या जाड थरांखाली दडपली जात नाही, म्हणून या तंत्राची खरी आशा मला गळ्यापेक्षा डोळ्यांपाशी अधिक वाटते.