संशयाची गोष्ट, श्रद्धेचा शेवट

गाडीत बसलेल्या एका तरुणाचा फोन वाजतो. पलीकडचा अनोळखी आवाज बजावतो: तीन मिनिटांत आपलं पाप जगापुढे कबूल कर, नाहीतर गाडी उडवून देईन. तरुण धर्मशास्त्र शिकतोय आणि नेमकं कोणतं पाप, तेच त्याला उमगत नाही. टेड डेकर या अमेरिकी लेखकाची 'थ्री' (2003) ही ख्रिस्ती मानसशास्त्रीय थरारकादंबरी अशी सुरू होते. नको ते हातून घडतं आणि हवं ते घडत नाही, ही संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायातली तगमग. डेकरने तिलाच रहस्यकथेचे कपडे चढवले आहेत.

अशा पुस्तकांवर वाचक हमखास दुभंगतात. कुणाला ते हातातून खाली ठेववत नाही. कुणी म्हणतं, शेवटी प्रवचनच ऐकवलं. गंमत म्हणजे काही श्रद्धाळूंची तक्रार नेमकी उलटी असते: धर्म फारच दडवून ठेवलाय!

एकाच पुस्तकावर दोन्ही आरोप कसे? थरारकथा संशयावर जगते. प्रत्येक पात्राबद्दल शंका जिवंत ठेवणं हीच तिची कारागिरी. श्रद्धेला मात्र उत्तर आधीच ठाऊक असतं. लेखकाला तीनशे पानं शंका वाढवायची असते आणि शेवटच्या काही पानांत ती फेडायची असते. ज्याला गाठ आवडते तो शेवटी हिरमुसतो, ज्याला सुटका हवी असते तो सुरुवातीला कंटाळतो.

ही ओढाताण मराठीला मुळीच परकी नाही. आपल्या कादंबरीचा जन्मच तिच्यातून झाला, असं मानणारे अभ्यासक आहेत. बेळगावचे बाबा पदमनजी 1854 मध्ये ख्रिस्ती झाले आणि 1857 मध्ये त्यांची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी आली. विधवाविवाहाचा कायदा होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. यमुना आणि तिचा नवरा विनायक गावोगाव फिरतात आणि विधवांच्या कहाण्या ऐकतात. दोघांची मनं ख्रिस्ती विचारांकडे वळलेली आहेत, पण हे घरच्यांपासून लपलेलं आहे. वाचकाला गुपित माहीत, सासरला नाही: ताण इथूनच तयार होतो. मग विनायकचा अपघाती मृत्यू होतो आणि दुसऱ्यांच्या कहाण्या ऐकणारी यमुना स्वतःच विधवा होते. पुढे ती ख्रिस्ती होते, पुनर्विवाह करते.

त्या शेवटावरून आजही दोन तट आहेत. काहींना तो धर्मप्रचार वाटतो; ते 1861 च्या 'मुक्तामाला'ला पहिल्या कादंबरीचा मान देतात. कादंबरीकार-समीक्षक भालचंद्र नेमाड्यांनी मात्र मराठी कादंबरीच्या मुख्य प्रवृत्ती सांगताना वास्तवाला भिडणाऱ्या प्रवृत्तीचं नाव 'यमुनापर्यटन'वरूनच घेतलं.

कधी कधी तर पुस्तक उघडण्याआधीच तट पडतात. जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, 93 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. 'सुबोध बायबल'साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवलेले, 'सुवार्ता' मासिक अनेक वर्षं चालवलेले. ख्रिस्ती धर्मगुरूची निवड जाहीर होताच विरोध सुरू झाला, धमक्यांचे फोन आले, उद्घाटक कवी ना. धों. महानोरांनाही जाऊ नका म्हणून सांगण्यात आलं. तरीही तेरच्या संत गोरोबाकाकांचं नाव दिलेल्या साहित्यनगरीत संमेलन पार पडलं. भाषणाचा एक शब्दही ऐकण्याआधी अनेकांचा अभिप्राय तयार होता, विरोधाचाही आणि कौतुकाचाही.

म्हणजे अभिप्राय दोन जागी ठरतो: लेखकाचं नाव वाचताना आणि शेवटचं पान वाचताना. कादंबरीकाराची खरी परीक्षा या दोहोंच्या मधल्या पानांत असते. पदमनजींनी तिथे विधवांना बोलतं केलं. त्यांचा शेवट न पटणाऱ्यालाही त्या बायकांचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं.