जिंकूनही तिथंच राहिलेला संघ

नेदरलँड्स आणि हॉकी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर निळं टर्फ आणि नारिंगी जर्सी येणार. साहजिकच आहे, 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पुरुष आणि महिला, दोन्ही सुवर्णपदकं डच संघांनीच नेली. पण याच देशात हॉकी बर्फावरही खेळतात हे ठाऊक होतं का? पायात स्केट्स, चेंडूऐवजी रबराची चपटी चकती म्हणजे पक, आणि एका वेळी मैदानात सहा खेळाडू. या खेळाचा तिथला एक जुना क्लब म्हणजे टिलबर्ग ट्रॅपर्स.

टिलबर्ग हे दक्षिणेकडचं लोकरीच्या गिरण्यांचं शहर. लोकर धुण्यासाठी पूर्वी मूत्र वापरत आणि ते घराघरांतून मडक्यांत साठवलं जाई. त्यावरून इथल्या लोकांना पडलेलं टोपणनाव आपल्याला उच्चारायलाही संकोच वाटेल, ते मात्र अभिमानानं मिरवतात! अशा कामगारांच्या गावात 1938 मध्ये हा क्लब सुरू झाला. ट्रॅपर म्हणजे उत्तर अमेरिकेच्या जंगलात फासे लावून फर मिळवणारा शिकारी.

दोनच वर्षांत जर्मन फौजा देशात शिरल्या. युद्ध संपल्यावर 1947 मध्ये ट्रॅपर्सनं राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं. खरा बहर आला तो 1971 ते 1976 या काळात. सलग सहा वर्षं विजेते! मग उत्तरेकडच्या हेरेनवेन संघानं सलग सात वर्षं करंडक आपल्याकडे ठेवला. ही चुरस देशाच्याही कामी आली असावी, असं मला वाटतं. कारण 1980 मध्ये लेक प्लॅसिड इथं डच आइस हॉकी संघ ऑलिम्पिकला पोहोचला. तिथं सोव्हिएत संघानं त्यांना 17-4 असं धुतलं, पण पोलंडला त्यांनी 5-3 नं हरवलंच.

पुढं अडचण वेगळीच आली. छोटा देश, मोजकेच संघ. त्याच त्या प्रतिस्पर्ध्यांशी किती वेळा खेळणार? 2015 मध्ये ट्रॅपर्सनं मायदेशातली लीग सोडली आणि शेजारच्या जर्मनीतल्या तिसऱ्या स्तरावरच्या ‘ओबरलिगा’त प्रवेश घेतला. घरचे सामने टिलबर्गमध्येच, पण बाहेरच्या सामन्यांसाठी दरवेळी सीमा ओलांडायची.

पहिल्याच हंगामात ते विजेते ठरले. 2017 मध्ये पुन्हा, 2018 मध्ये पुन्हा. एवढं यश मिळाल्यावर वरच्या लीगमध्ये बढती मिळायला हवी ना? पण परदेशी क्लबला ती मिळणार नाही, अशी अट होती. म्हणून 2017 च्या अंतिम फेरीत हरलेला टोल्झचा संघ वर गेला, 2018 ला हरलेला डेगेनडॉर्फ वर गेला, आणि करंडक उंचावणारे ट्रॅपर्स तिथंच राहिले.

यात अन्याय दिसतो, पण जर्मनांची बाजूही समजून घ्यायला हवी. आपल्या लीगमधल्या जागा आपल्याच क्लबांसाठी राखाव्यात, असं कुठल्याही देशाला वाटेल. आणि ट्रॅपर्सना ही अट आधीपासून माहीत होती. तरी ते गेले, कारण घरी सहज मिळणाऱ्या करंडकापेक्षा दर आठवड्याला तगडा सामना त्यांना हवा होता. मुलांच्या शाळेतल्या स्पर्धा आठवा: सोप्या गटात पहिलं यायचं की कठीण गटात झुंजायचं?

ट्रॅपर्सचं घर आजही शहरातल्या स्टापेगोर भागातलं आइस रिंक आहे. त्याला लागूनच 400 मीटरचा स्केटिंग ट्रॅक आहे. पाच वेगवेगळ्या ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या, इथून जवळच्याच गावात जन्मलेल्या इरेन वुस्टचं नाव त्याला दिलंय.