मच्छीमारांचा हस्त-स्कंधशूल व हंगामारंभीचे निदानपरिवर्जन

नारळी पौर्णिमेच्या सुमारास किनारपट्टीवरील चिकित्सालयांत मनगट, कोपर वा खांदा धरून येणाऱ्या रुग्णांची संख्या वाढते, हा आमचा दरवर्षीचा अनुभव आहे. औषधालयांतून याच दिवसांत महानारायण तेल व महाविषगर्भ तेल यांचा खपही वाढतो. त्यात गैर काही नाही; परंतु हा व्याधी बहुतांशी टाळता येण्याजोगा आहे आणि त्याचा विचार हंगामापूर्वीच व्हावयास हवा.

महाराष्ट्रात यांत्रिक नौकांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. समुद्र खवळल्याने रापणही थांबते. दोन महिने हात विसावलेला खलाशी पहिल्याच दिवसापासून पूर्ण शक्तीने दोर ओढू लागतो. हा काळ वर्षा ऋतूचा. विसर्गकालाच्या आरंभी शरीरबल अत्यल्प, अग्नी मंद व वायू प्रकुपित असतो. चरकाचार्यांनी शोषाच्या कारणांत ‘साहस’, म्हणजे स्वबलाहून अधिक कर्म, गणले आहे. अवबाहुकात वायू अंसबंधनाचा शोष करतो, तर विश्वाचीत बाहूपासून अंगुलींपर्यंत जाणाऱ्या कंडरा दूषित होऊन हाताचे कर्म क्षीण होते. हंगामी खलाशाच्या हातात या दोहोंची पूर्वरूपे आम्हांस वारंवार दिसतात.

अशा रुग्णास ‘काम बंद ठेवा’ असे सांगणे म्हणजे ‘पुन्हा येऊ नका’ असे सांगण्यासारखेच आहे. त्याऐवजी जुलैच्या मध्यापासून नित्य अभ्यंग व हलक्या हालचाली सुरू कराव्यात आणि पहिले आठ-दहा दिवस दोर ओढण्याच्या पाळ्या लहान ठेवाव्यात. तांडेलास हे पटवून दिल्यास तो ऐकतो, कारण भर हंगामात माणूस घरी बसणे त्यालाही परवडत नाही. अर्धशक्ती ओळखण्यासाठी कपाळावरील घाम पाहावा असे सांगितले जाते; कोकणच्या दमट हवेत हे लक्षण निरुपयोगी आहे. तोंडाने श्वास सुरू होणे आणि मूठ सैल पडू लागणे, ही खूण आम्ही सांगतो.

दोर ओढताना मनगट सरळ असावे व जोर पाय आणि कंबर यांतून यावा. बारीक नायलॉनचा ओला दोर घट्ट आवळावा लागतो व तेथेच कंडरांवर ताण पडतो. हातमोजे वापरल्यास पकड सुलभ होते. गरीची दोरी बोटांना गुंडाळून ओढू नये, आणि पाग फेकताना केवळ मनगटाचा झटका न देता सर्व अंग वळवावे.

अभ्यंगाने शरीर दृढ व क्लेशसह होते हे समजावताना चरकसंहितेत घडा, चामडे व गाडीचा आस यांचे दृष्टांत दिले आहेत. तथापि काळ महत्त्वाचा. समुद्रावर जाण्यापूर्वी तळहातास तेल लावल्यास दोर निसटतो व पकड अधिकच आवळली जाते. परतल्यावर कोमट तीळतेल खांद्यापासून बोटांपर्यंत दहा मिनिटे जिरवून उष्ण जलाने शेकावे. सूज, उष्णता व जडपणा असताना मात्र मर्दन करू नये.

येथे आमची एक चूक सांगणे आवश्यक वाटते. एका खलाशास रात्री अंगठा, तर्जनी व मध्यमा यांत मुंग्या येत. आम्ही त्यास वातव्याधी मानून दोन महिने तेल व गुग्गुळकल्प दिले. अंगठ्याच्या मुळाशी असलेले मांस ओसरू लागल्यावर त्यास शल्यतज्ज्ञाकडे पाठविले. ती मनगटात दबलेली नाडी होती. शस्त्रक्रियेनंतर मुंग्या थांबल्या, पण पकड पूर्ववत झाली नाही. आज तो जाळी विणण्याचे काम करतो.

म्हणून औषधालयचालक बंधूंना विनंती की, तेलाची बाटली देताना दोन प्रश्न अवश्य विचारावेत: रात्री बोटे बधिर होतात काय? हातातून वस्तू गळते काय? होकार आल्यास तेल देऊन पाठवू नये, वैद्याकडे पाठवावे. आणि वैद्यांनीही नाडीतपासणीस विलंब करू नये. मधुमेही रुग्णाबाबत तर एक आठवडाही थांबू नये. समुद्रावर जाण्यापूर्वी वेदनाशामक गोळी मागणाऱ्यास ती परस्पर देऊ नये. वेदना झाकली गेल्यास तो त्या दिवशी दुप्पट दोर ओढतो.