खिशातला बार

प्रेझेंटेशन पडलं की आपण म्हणतो, ‘फुसका बार निघाला’. पॅसेंजरच्या जनरल डब्यात माणसं ‘ठासून’ भरलेली असतात. आणि भुसावळ स्टेशनबाहेरच्या टपरीवर तळहातावर तंबाखू-चुना मळून कुणीतरी ‘बार भरत’ असतो. बंदूक हातात धरलेली नसली, तरी ठासणीच्या बंदुकीची भाषा आपण रोज बोलतो. बरं, भुसावळकरांना दारूगोळा नवा नाहीच. गावात १९४९ पासूनची ऑर्डनन्स फॅक्टरी, पलीकडे वरणगावला १९६४ पासूनची काडतुसांची. ‘ऑर्डनन्सला आहे’ एवढं सांगितलं की स्थळाची चौकशी निम्मी संपायची!

पण आज बोलायचंय ते काडतुसाच्याही आधीच्या एका पिटुकल्या गोष्टीबद्दल. खिशात मावणारं ठासणीचं पिस्तूल. एकोणिसाव्या शतकात ही पिस्तुलं जगभर कोटाच्या खिशात फिरली. आज त्यांच्या हुबेहूब प्रतिकृती बनतात, त्याही शोकेससाठी नाही, चक्क बार काढण्यासाठी. इटलीतली पेडरसोली आणि उबर्टी ही त्यातली बडी नावं. अमेरिकेत किंवा जर्मनीत ऑनसाइट गेलेला तुमचा एखादा मित्र शनिवारी रेंजवर जाऊन धुरात माखून येत असेल, तर कारण बहुधा हेच.

यातली गंमत वेगात नाही, संथपणात आहे. आधी नळी रिकामी आणि कोरडी आहे ना, ते बघायचं. मग मापाने दारू ओतायची. हे माप वेगळं असतं. डब्यातून थेट नळीत कधीच ओतायची नाही, कारण आत एखादी ठिणगी धुमसत असेल तर अख्खा डबा हातात फुटतो. मग तेलकट कापडाच्या चकतीत शिशाची गोल गोळी ठेवून गजाने खाली दाबायची, थेट दारूला टेकेपर्यंत. मध्ये पोकळी राहिली तर नळी फाटू शकते. ‘ठासून’ हा शब्द इथे किती नेमका बसतो! सगळ्यात शेवटी, तोंड निशाण्याकडे ठेवूनच, बारीकशी तांब्याची टोपी बसवायची. घोडा मागे, चाप दाबला, की धडाम! पांढऱ्या धुराचा लोट आणि गंधकाचा वास... दिवाळीच्या पहाटेची आठवण यावी असा.

आणि बार उडालाच नाही तर? पिस्तूल वळवून आत डोकावायचं नाही. निशाण्याकडे धरून निदान मिनिटभर थांबायचं. दारू कधीकधी उशिरा पेटते. आजच्या काडतुसांतली धूरविरहित दारू यात चुकूनही घालायची नाही, तिचा दाब ही नळी सोसत नाही. आणि घरी आल्यावर साबणाच्या गरम पाण्याने पिस्तूल चक्क धुवायचं, पुसायचं, तेल लावायचं. काळ्या दारूची राख ओल धरते. आळस केलात तर दोन दिवसांत लोखंडी कढईसारखा गंज!

निवडायचं कोणतं? फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरच्या धर्तीचं एकबारी पिस्तूल दिसायला सगळ्यात गोंडस. पण मुठीत दोन-तीन बोटंच मावतात, नळी आखूड, नेम धरायची खूण नावापुरती. पत्त्यांच्या टेबलापलीकडच्या माणसासाठी ती वस्तू घडली होती. पंचवीस मीटरवर तिच्याकडून अपेक्षा ठेवू नका. कोल्टचं १८४९ चं पाचबारी पॉकेट रिव्हॉल्व्हर जास्त समंजस. तेव्हा ते तीन लाखांहून जास्त बनलं, यातच सगळं आलं. फक्त प्रत्येक गोळीवर ग्रीस लावायचं आणि टोप्या घट्ट बसल्यात का ते पाहायचं, नाहीतर एका बाराबरोबर शेजारचेही पेटतात. पण नवख्याने, आमचं ऐकाल तर, आधी मोठ्या पिस्तुलावर हात बसवावा. छोटं म्हणजे सोपं, हा समज इथे साफ आपटतो.

या एकबारीपणाचा इतिहासही आहे. १४ एप्रिल १८६५ ला वॉशिंग्टनच्या नाट्यगृहात लिंकनवर गोळी झाडली गेली, ती अशाच डेरिंजरमधून. एकच बार, म्हणून बूथने सोबत सुराही आणला होता. आपल्या नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात २१ डिसेंबर १९०९ ला अनंत कान्हेरेंनी जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, तेव्हा मात्र हातात ब्राउनिंग होतं. ४४ वर्षांत ठासणीचा जमाना मागे पडला होता.

आता मुद्द्याचं. हे सगळं भुसावळात करता येईल का? सरळ उत्तर, नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यासाठी ठासणीचं पिस्तूलही पिस्तूलच. स्फोटकाच्या जोरावर गोळी फेकते ना, मग परवाना हवा. ठासणीच्या बंदुकीचा परवाना पिकाच्या राखणीसाठी मिळण्याची सोय कायद्यात आहे, पण ती बंदूक शेतकऱ्याची, विकेंडची नव्हे. आजोबांच्या पेटीतलं जुनं पिस्तूल दुरुस्त करूनही चालण्यासारखं नसेल, तरच सूट. परदेशातून बॅगेत घालून आणायचा विचार तर सोडाच.

आणि दुसरा ‘शॉर्टकट’ आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. चोपडा तालुक्याच्या सीमेवरच्या उमर्टीचं नाव गावठी कट्ट्यांच्या बातम्यांत वर्षानुवर्षं येतंय. वीस-बावीस वर्षांची पोरं कट्टा हातात घेऊन स्टेटस टाकतात आणि पोलिस घरी येतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्यास किमान २ वर्षांची कैद आहे. शिवाय अशा कट्ट्याची नळी कुणी तपासलेली नसते, ती फुटली तर आधी आपलीच बोटं जातात. जर्मनीत अठरा वर्षांवरील माणसाला एकबारी ठासणीचं पिस्तूल विनापरवाना घेता येतं, पण दारूसाठी वेगळा परवाना आणि प्रशिक्षण लागतं. म्हणजे लाड तिथेही नाहीत. तिकडे राहत असाल तर आधी तिथला नियम वाचा, व्हिसावर असाल तर दोनदा.

नेमबाजीची खाज खरी असेल, तर आपल्याकडचा रस्ता एअर पिस्तुलाचा. ४.५ मिलिमीटर आणि २० ज्यूलच्या मर्यादेतल्या एअरगनला परवाना लागत नाही. मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला रायफलमध्ये ब्राँझ आणलं, तेव्हा रेल्वेच्या गावाला वेगळं काय सांगायचं! ठासणीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत अर्ध्या तासात १३ बार काढून त्यातले सर्वोत्तम १० धरतात. इथे सव्वा तासात ६० गोळ्या, १० मीटरवरून, आणि मधलं दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. धूर नाही, आणि घरी आल्यावर पिस्तुलाला अंघोळही नाही.