पखवाज नाही? मांडी तर आहे!

सप्ताह तोंडावर आला की गावात पहिली शोधाशोध होते ती पखवाजवाल्याची. टाळकरी ढीगभर मिळतात, पेटीवालाही शेजारगावातून येतो. पण मृदंगावर हात चालणारा पोरगा सापडत नाही. मग बाहेरचा वादक, त्याची बिदागी, जाण्यायेण्याचा खर्च. पोरांना विचारावे तर उत्तर ठरलेले : "शिकायला घरी पखवाज कुठंय?" देवळात एकच असतो. पुडी फुटली तर भरायची कुणी, म्हणून तो पोरांच्या हाती लागत नाही.

खरे तर या विद्येची पहिली इयत्ता वाद्याशिवायच होते. आधी तोंड, मग हात. बोल म्हणत हाताने टाळी देणे, याला पढंत म्हणतात. सुरुवात केरव्याने करावी : धा गे ना ती, ना के धी ना. मात्रा आठ. पहिलीला टाळी, पाचवीला खाली, म्हणजे हात नुसता बाजूला न्यायचा. लय धावू द्यायची नाही.

तोंडी पक्के झाले की मांडी घालून बसावे. धा, धी दोन्ही हातांनी. गे, के डाव्याने. ना, ती उजव्याने मांडीवर वाजवावे. घडी घातलेली गोणी समोर घेतली तरी चालते. पुडीवर हात आपसूक उसळतो, गोणीवर तो स्वतः उचलावा लागतो. त्यामुळे मनगट तयार होते. मग दादऱ्याच्या सहा मात्रा, पुढे चौतालाच्या बारा. गुरे राखताना, पाण्याची पाळी धरताना बोल म्हणायला कुणाची आडकाठी नाही.

मात्र सगळेच मांडीवर येत नाही. उजव्या पुडीवरच्या शाईचा नाद, डाव्या धुम्याला ओली कणीक किती लावायची, गठ्ठे ठोकून सूर कसा मिळवायचा, हे वाद्यावर आणि जाणत्यापाशी बसूनच कळते. चुकीचा हात बसला तर मोडायला फार त्रास पडतो. म्हणून अधूनमधून हात तपासून घ्यावा.

मृदंग शिकायला गावोगावची मुले आळंदीला जातात. पण घर सोडणे प्रत्येकाला कुठे जमते? तेव्हा सरपंच आणि भजनी मंडळाने एवढे करावे : देवळातला पखवाज आठवड्यातून दोन संध्याकाळी जाणत्या म्हाताऱ्याच्या देखरेखीखाली पोरांसाठी काढावा आणि पुडी भरायचा खर्च वर्गणीतून धरावा. म्हातारे आहेत तोवर हे होईल. त्यांच्यामागे गावात बोल सांगणाराही उरायचा नाही.