सरकलेल्या रेषा, दूर जाणाऱ्या दीर्घिका

बोईसरला न थांबणारी एक्स्प्रेस फलाट ओलांडून गेली की भोंग्याचा सूर खाली उतरतो. प्रकाशाचेही तसेच. स्रोत दूर जाताना तरंगलांबी वाढते (ताम्रसृती), जवळ येताना घटते (नीलसृती). क्रिस्तियान डॉप्लर यांनी हे १८४२ मध्ये मांडले.

वर्णरेषा: प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषांच्या जागा ठरलेल्या. हायड्रोजनची तांबडी रेषा प्रयोगशाळेत ६५६.३ नॅनोमीटरवर दिसते. दीर्घिकेच्या वर्णपटात तीच ७२१.९ वर सापडली, तर तरंगलांबी एक-दशांशाने वाढली: ताम्रसृती ०.१.

नीलसृती: देवयानी दीर्घिका सेकंदाला सुमारे ३०० किमी वेगाने आपल्याकडे येते आहे. मोजणी व्हेस्टो स्लायफर यांची, १९१२.

अंतर: दीर्घिका जितकी लांब, तितकी ताम्रसृती अधिक. एडविन हबल, १९२९.

महत्त्वाचा फरक: जवळच्या दीर्घिकांत त्यांच्या स्वतःच्या गतीचा वाटा मोठा. अतिदूरच्या दीर्घिकांची ताम्रसृती मुख्यतः अवकाशाच्या प्रसरणामुळे. प्रवासातच तरंग ताणले जातात.

महाराष्ट्रातून: नारायणगावजवळ खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. हायड्रोजनची २१ सेंमीची रेडिओ रेषा (१४२० मेगाहर्ट्झ) १.२९ ताम्रसृतीच्या दीर्घिकेतून तिने टिपल्याचे जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झाले. खोडदला पोहोचेपर्यंत ती रेषा सुमारे ४८ सेंमी, म्हणजे ६२० मेगाहर्ट्झपर्यंत सरकली होती. एवढा क्षीण संदेश हाती लागला तो वाटेतल्या दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वीय भिंगामुळे: तीव्रता सुमारे ३० पट वाढली. संदेश निघाला तेव्हा विश्वाचे वय होते सुमारे ४.९ अब्ज वर्षे.