आजीची साक्ष आणि पीएच.डी.चा अर्ज

ज्या दिग्गीच्या रानात काळी नदी उगम पावते, तेथील एक तरुण गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे आला. जोयडा तालुक्यात आमची नेमणूक असताना तो आमच्या वर्गात होता. पुढे वकील झाला, एलएल.एम. केले, आणि आता कायद्यातील पीएच.डी.साठी अर्ज करावयाचा म्हणून कागदांची पिशवी घेऊन आला होता. "गुरुजी, आराखडा तेवढा पाहून द्या," तो म्हणाला. आम्ही मराठीचे एम.ए.; कायद्याशी आमचा परिचय सेवापुस्तिकेपुरता. तरीही चष्मा चढवून बसलो.

पात्रतेची बाजू फारशी अवघड नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण हवेत. मागास प्रवर्गांना, दिव्यांगांना व आर्थिक दुर्बलांना ५ टक्क्यांची सवलत आहे. विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा असेल तर तिला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार. २०२४ पासून 'नेट' परीक्षेच्या गुणांवरही प्रवेश मिळू शकतो. मुदत किमान ३ वर्षे, कमाल ६. स्त्रियांना आणखी २ वर्षे मिळू शकतात, हे आमच्या वाचक-भगिनींनी ध्यानी ठेवावे. नोकरी सांभाळूनही हा अभ्यास करता येतो, मात्र वरिष्ठांचे ना-हरकत पत्र लागते. मार्गदर्शकाची चौकशी आधी करावी, कारण प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ च विद्यार्थी घेता येतात. हुबळीचे राज्य विधी विद्यापीठ असो वा बंगळूरचे राष्ट्रीय विधी विद्यालय, जागा आपल्या विषयाच्या जाणकाराकडे रिकामी आहे की नाही, हाच खरा प्रश्न.

अडले ते आराखड्यापाशी. त्याने विषय लिहिला होता : 'भारतातील वनवासींचे हक्क'. आम्ही त्याला भारतरत्न पां. वा. काण्यांची गोष्ट सांगितली. 'व्यवहारमयूख' या ग्रंथाच्या प्रस्तावनेसाठी धर्मशास्त्राचा थोडका इतिहास लिहावा म्हणून ते बसले, आणि त्यातून १९३० ते १९६२ पर्यंत पाच खंड निघाले. "तुझ्यापाशी सहा वर्षे आहेत," आम्ही म्हणालो. तो हसला, पण विषय खोडला.

दुसऱ्या खेपेस तो आला तो तावातावाने. घाटाखाली गोव्यात २००३ साली कुणबी समाज अनुसूचित जमातींच्या यादीत गेला. घाटावर जोयड्यातील त्याच रक्ताचा कुणबी अद्याप यादीबाहेर. सोयरीक एक, भाषा एक, मध्ये राज्याची सीमा! हा अन्याय प्रबंधातून मांडावयाचा, असा त्याचा निश्चय. त्याचा संताप आम्हांस कळत होता, परंतु हे निवेदन झाले, संशोधन नव्हे. शिवाय त्यानेच काढून दाखविलेल्या निकालात उत्तर होते. हलबा-कोष्टी प्रकरणी, मिलिंद खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००० सालीच ठरविले की यादीत भर घालण्याचा अधिकार न्यायालयांना नाही. ते काम संसदेचे. ज्याचे उत्तर ठाऊक आहे ते विचारण्यात तीन वर्षे कशाला घालवावी?

मग बोलता बोलता आजीचा विषय निघाला. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये अनुसूचित जमातीच्या माणसाने १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखविला की पुरे. यादीबाहेरच्याला मात्र त्या दिवसामागे तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. सरळ १९३० साल! त्या काळचा कागद रानातल्या घरी कोठून असणार? नियम १३ मध्ये यावर तोड आहे. दावेदार सोडून अन्य वडीलधाऱ्यांचे कथन लिहून घेतले तर तो पुरावा धरावा. जुनी घरे, विहिरी, देवस्थाने, स्मशाने यांचाही विचार व्हावा. मात्र एकाहून अधिक पुरावे हवेत. याच्या वडिलांचा दावा 'पुरावा अपुरा' या शेऱ्यानिशी परत आला होता. आजीचे वय ऐंशीच्या पुढे; तिनेही १९३० पाहिलेले नाही. तिला ठाऊक आहे ते सासऱ्याने सांगितलेले. आमची कुमरीची जागा कुठे होती, सरकारने ती कशी बंद केली, कोणत्या झाडाखाली कोणाला पुरले.

"ऐकीव गोष्टीला साक्ष म्हणतात का रे?" आम्ही सहज विचारले. तो थबकला. कोर्टात सहसा नाही म्हणतात, तो म्हणाला; पण ग्रामसभेत? आणि ग्रामसभेने मानलेली साक्ष उपविभागीय आणि जिल्हा समितीत पोहोचल्यावर तिचे वजन किती उरते? याचा शोध घ्यावा तर दाव्यांच्या फाइली, ठराव आणि माणसे, सारे एका तालुक्यात सापडण्याजोगे होते. त्या संध्याकाळी दिवे गेले असताना त्याने कंदिलाच्या उजेडात नवा आराखडा लिहिला. दोन पाने, प्रश्न एक.

एका मुद्द्यावर मात्र आमचे वाजले. मुलाखतीत कोणीही विचारील, तुमच्याच घराचा दावा असताना तुम्ही तटस्थ कसे राहणार? आमचे म्हणणे, हे आपणहून आराखड्यात नमूद करावे आणि घरचे प्रकरण अभ्यासातून वगळावे. "म्हणजे आजीलाच वगळायचे? प्रश्न तर तिच्यापासून सुरू झाला!" तो बराच वेळ गप्प होता. आम्हांसही ते बोलून बरे वाटले नव्हते. शेवटी त्याने तसे लिहिले आणि अर्ज गेला.

मुलाखतीचे बोलावणे अजून यावयाचे आहे. मध्यंतरी तो भेटला तेव्हा त्याच्याकडे शाळेची शंभर पानी वही होती. दर रविवारी आजीपाशी बसून तिच्याच कोकणीत, तिच्याच शब्दांत तो उतरवून घेतो आहे. ही वही प्रबंधात जावयाची नाही. चाळीस पाने भरली होती, आणि आजी अद्याप लग्न होऊन दिग्गीत येण्याच्या दिवसापर्यंतही पोहोचली नव्हती.